एकच बाभूळ, दोन ठिकाणी दोन आकार – हे काय गौडबंगाल आहे?

कोरडा_ओढा
मंडळी, एक प्रश्न आठवडाभर डोक्यात घोळतोय, घरात कुणाला त्यात काडीचा रस नाही म्हणून इथे टाकतोय. झाडांच्या फोटोंच्या एका ग्रुपवर दोन फोटो आले, दोन्हीखाली नाव एकच, व्हॅचेलिया कारू. जुनं नाव अकेशिया कारू, म्हणजे बाभळीची चुलत बहीण म्हणा हवं तर. पहिल्या फोटोत सरळसोट काठी, माणसाच्या दुप्पट उंच, फांद्या जवळपास नाहीतच, शेंड्याला जरासा पाला. दुसऱ्यात जमिनीलगत पसरलेला काट्यांचा पिंजरा, उंचीपेक्षा रुंदी जास्त, आत हात घालायची हिंमत होणार नाही. पहिला दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व बाजूच्या सॅव्हानातला, दुसरा तिथल्याच कारू नावाच्या कोरड्या प्रदेशातला. मी तिथे ठणकावून लिहून आलो की एका फोटोचं नाव चुकलंय. आता रात्री झोपताना वाटतंय की आपणच तोंडावर पडणार की काय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गवत्या
सोपं आहे हो. पाऊस. जास्त पाऊस तिथे झाड उंच, कमी पाऊस तिथे खुरटं. संपला धागा.

उगाच_काहीतरी
खुर्ची घेऊन बसलोय. वाचतोय.

पानगळ
गवत्या, एवढं सोपं असतं तर लोकांनी आयुष्यं घालवली नसती यात.

ओढा, वाईट बातमी अशी की दोन्ही फोटो बरोबर असणार. नेमक्या याच झाडावर सॅली आर्चिबाल्ड आणि विल्यम बाँड यांचा २००३ सालचा अभ्यास आहे. जंगल, सॅव्हाना आणि कोरडा प्रदेश अशा तीन ठिकाणची कारू बाभूळ त्यांनी मोजली, आणि सॅव्हानात काठी, कोरड्यात पिंजरा असंच दिसलं.

काठी का, ते बघा. सॅव्हाना म्हणजे खाली गवत सलग आणि वर झाडं विरळ. पावसाळ्यात गवत तरारतं, मग पाच-सहा महिने कोरडे, गवताचा पेंढा होतो आणि वणवा लागतो. गवताची आग तशी बुटकी असते, ज्वाळा साधारण दोन-तीन मीटर. त्या उंचीच्या आत जे काही आहे ते जळतं पण मुळं वाचतात, पुढच्या पावसात ठोंबाला परत कोंब फुटतात आणि पुढच्या वणव्यात ते परत जळतात. याला आगीचा सापळा म्हणतात. वरून बघाल तर गुडघ्याएवढं रोपटं आणि उकरून बघाल तर खाली मनगटाएवढं मूळ, वय कदाचित तुमच्या पोराएवढं. आता यातून सुटायचं कसं? दोन वणव्यांच्या मधे जी काय दोन-तीन वर्षं मिळतील तेवढ्यात शेंडा ज्वाळांच्या वर न्यायचा. मग फांद्यांवर खर्च करायला परवडतच नाही, मुळात साठवलेलं सगळं स्टार्च काढायचं आणि एकच कोंब वर ताणायचा. तुमची काठी ती हीच.

कारूत गवत इतकं विरळ की आग पसरत नाही. तिथे त्रास तोंडांचा, म्हणजे पाला ओरबाडणाऱ्या जनावरांचा. अशा ठिकाणी उंच बारीक काठी करणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. त्यापेक्षा आडव्यातिडव्या फांद्या, त्यांना लांब काटे, बाहेरचा थर जनावराला आत येऊ देत नाही आणि पिंजऱ्याच्या आत कोवळी पालवी निवांत वाढते. पिंजरा पुरेसा रुंद झाला की मधला शेंडा हळूच वर काढायचा, तोवर तिथपर्यंत कुणाचं तोंड पोचत नाही.

मृगजळ
काय सुरेख समजावलंत पानगळताई!! म्हणजे आगीसाठी उंच व्हायचं आणि जनावरासाठी रुंद व्हायचं, दोन्ही एकदम करता येत नाही. मग जिथे आग पण आहे आणि जनावरं पण आहेत तिथलं झाड बिचारं काय करतं?

पानगळ
मार खातं :) खरंच, आगीच्या सापळ्यातून निघायच्या बेतात असलेला कोंब इंपाला हरणाने खुडला की दोन वर्षं गेली पाण्यात. म्हणून आफ्रिकेत बऱ्याच बाभळींनी वाटणी करून घेतल्यासारखं दिसतं, काही जाती आगीच्या पट्ट्यात जास्त तर काही जिथे जनावरांनी गवत खाऊन आग मारून टाकली आहे तिथे.

गवत्या
बरं बरं, आग आणि तोंडं मान्य. पण पाऊस काहीच नाही असं नका म्हणू. मी वाळवंटाच्या काठावर साठ फुटी झाड बघितलेलं नाही.

सोटमूळ
गवत्या अर्धा बरोबर आहे. पावसाचं काम कसं वेगळं काढायचं हा मोठा प्रश्न असतो, कारण पाऊस बदलला की जमीनही बदलते आणि मग कुणामुळे काय झालं कळत नाही. पण कालाहारीत निसर्गानेच प्रयोग मांडून ठेवलाय. झांबियाच्या पश्चिमेपासून बोट्स्वानाच्या नैर्ऋत्येपर्यंत जमीन तीच, एकाच प्रकारची खोल रेती, आणि पाऊस मात्र वर्षाला सुमारे १००० मिमी पासून उतरत उतरत २०० च्या आसपास येतो. उत्तरेला रुंद पानांची, दाट, उंच झाडं, खाली खाली येत जावं तशी उंची कमी, झाडांमधलं अंतर जास्त, पानं बारीक होत शेवटी काटेरी बाभळीच उरतात. बारीक पानाचं गणित साधं आहे, मोठं पान उन्हात तापतं आणि थंड व्हायला पाणी उडवावं लागतं, बारीक पर्णिकांची उष्णता वारा तसाच घेऊन जातो.

आणि वर खुरटं दिसतं ते खाली खुरटं असेलच असं नाही हां. कालाहारीत बोअरवेल खणताना बोसिया अल्बिट्रंका नावाच्या झाडाची मुळं ६८ मीटर खोल सापडली होती. झाड वर सहसा तीन माणसं उंच पण नसतं.

पानगळ
यात आकडा पण आहे. महेश शंकरन आणि बरोबरच्यांनी २००५ मध्ये आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र केली. साधारण ६५० मिमी पावसाच्या खाली जास्तीत जास्त किती झाडं उभी राहू शकतात ते पाऊस ठरवतो. त्याच्या वर गेलं की पाणी पुरेसं असतं, झाडांनी सगळं झाकून टाकायला हरकत नसते, तरीही सॅव्हाना उघडा राहतो तो आग आणि जनावरांमुळे. म्हणजे गवत्याचा नियम कोरड्या बाजूला चालतो आणि ओल्या बाजूला तोंडावर आपटतो. ओल्या बाजूला तर उलटंच होतं, पाऊस जास्त म्हणून गवत जास्त, गवत जास्त म्हणून आग जास्त.

गवत्या
अर्धं बरोबर पण बरोबरच. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

निरभ्र
मला मृगजळ यांच्या प्रश्नाच्या पुढचा प्रश्न आहे. काठीवाल्या झाडाचं बी कारूत पेरलं तर पिंजरा उगवेल की काठी? म्हणजे झाड परिस्थिती बघून आकार बदलतं, की त्या त्या ठिकाणचं वाणच वेगळं झालंय? हे दोन वेगळे विषय आहेत आणि इथे सरमिसळ होतेय असं वाटलं.

पानगळ
निरभ्र, एकदम नस पकडलीत. दोन्ही घडतं. दोन उदाहरणं देते, एक या बाजूचं एक त्या बाजूचं.

केनियातल्या लायकिपिया पठारावर काळी कापसाची जमीन आहे, तिथे जवळजवळ एकाच झाडाचं राज्य, अकेशिया ड्रेपॅनोलोबियम. काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी असतात, त्यांना मुंग्या भोकं पाडतात आणि वारा आला की शिट्टी वाजते, म्हणून शिट्टीवाली बाभूळ. तिथे १९९५ पासून कुंपणं घालून काही तुकड्यांत जिराफ-हत्तींना शिरायला बंदी केली आहे. जनावरांचं येणं थांबलं की त्याच झाडाला नवे येणारे काटे आखूड येऊ लागले. झाड तेच, मुळं तीच, फक्त खुडणं थांबलं. कुंपणाबाहेरच्या झाडांतसुद्धा जिराफाच्या तोंडाच्या वरच्या फांद्यांना काटे आखूड असतात. म्हणजे हा बदल हयातीतला.

दुसरं उदाहरण सेरेंगेटीतल्या गवताचं. सॅम्युअल मॅकनॉटन यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. जिथे नू नावाच्या हरणांचे कळप सतत चरतात तिथलं गवत जमिनीला चिकटून, दाट गालिच्यासारखं. ते उपटून आणून आरामात, कुणी चरणार नाही अशा जागी वाढवलं तरी काही ठिकाणचं गवत बुटकंच राहिलं. तिथे उंच वाढणारे केव्हाच खाल्ले जाऊन संपले आणि लोळणारे उरले, पिढ्यानपिढ्या. हा बदल वाणातला.

मृगजळ
मग कुंपणातली शिट्टीवाली बाभूळ सुखात असणार ना? काटे कमी करायचे, मुंग्यांना कमी पोसायचं, वाचलेलं वाढीला लावायचं.

पानगळ
असंच वाटतं ना? गंमत उलटी झाली. जनावरं गेल्यावर झाडाने मुंग्यांचा मध आणि घरं दोन्ही कमी केली. जी मुंगी झाडाचं जिवापाड रक्षण करायची तिचं पोट भरेना, ती कमी झाली आणि तिच्या जागी दुसरी आली जी गाठीत राहतच नाही, तिला खोडातली भोकं लागतात आणि ती भोकं पाडतात खोडकिडे. म्हणजे ती खोडकिड्यांना एक प्रकारे आवतणच देते. दहा वर्षांनी पाहिलं तर ज्या झाडांवर हत्ती तुटून पडत नव्हते ती झाडं हळू वाढत होती आणि जास्त मरत होती. हे २००८ मध्ये छापून आलं.

उगाच_काहीतरी
भाडेकरू बदलला आणि घर पडलं. क्लासिक.

सोटमूळ
माझा जमिनीचा मुद्दा राहतोय आणि तो राहिला तर मी रात्री झोपणार नाही, तेव्हा जरा लांब लिहितो.

लोक सॅव्हाना म्हटलं की मोठा नकाशा बघतात, पाऊस, खंड वगैरे. पण एकाच टेकडीवर वरून खाली चालत या, अर्ध्या किलोमीटरमधे झाडांचे आकार बदलतात आणि पाऊस तर सगळीकडे तोच पडलाय. जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे बघून त्याला कॅटेना नाव दिलं, म्हणजे साखळी, टेकडीच्या माथ्यापासून तळापर्यंत मातीची साखळी. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ग्रॅनाइटच्या भागात बघा, माथ्यावर रेताड, निचऱ्याची, कस नसलेली माती, तिथे कॉम्ब्रेटमसारखी रुंद पानांची झाडं. पावसाने चिकणमाती आणि क्षार हजारो वर्षं धुऊन खाली नेलेत, त्यामुळे तळाला जड, कसदार पण कधी कधी खारवट जमीन, तिथे बारीक पानांच्या काटेरी बाभळी. मधे एक पट्टा असतो जिथे पाणी मातीतून पाझरून वर येतं, तिथे टर्मिनेलिया सेरिसियाची रांग, चंदेरी पानांची, लांबून रेघ मारल्यासारखी दिसते.

आता यात काटे खालीच का? तर कसदार जमिनीतलं पान नत्राने भरलेलं, पचायला सोपं, जनावर त्याच्याच मागे लागतं, म्हणून ते काट्यांनी राखायचं. आणि हरवलेलं पान पुन्हा काढायला तिथे माल आहे. भुकेल्या रेतीतल्या झाडाला मात्र एक पान करायला इतकं महाग पडतं की ते पान चामड्यासारखं, टॅनिनने कडवट, खाणाऱ्याचं पोट बिघडेल असं करून ठेवतं. एकाने कुंपण घातलं, दुसऱ्याने मालच बेचव केला.

आणि माझं सर्वात आवडतं उदाहरण, दक्षिण आफ्रिकेतलं निल्सव्ली. सगळीकडे रुंद पानांचा, नापीक रेतीवरचा सॅव्हाना आणि त्यात मधेच बारीक पानांच्या बाभळीचे ठिपके, का ते कळेना. शोधल्यावर निघालं की ते ठिपके म्हणजे जुन्या वस्त्या. माणसं राहायची, गुरं बांधायची, शेण, राख, हाडं जमिनीत मुरली, स्फुरद वाढलं. वस्ती उठून शेकडो वर्षं झाली तरी झाडं अजून तो हिशोब दाखवतायत.

मृगजळ
अंगावर काटा आला हो वाचून. (सॉरी, मुद्दाम नाही.)

निरभ्र
सोटमूळ, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका, इथे वाहून जाईल.

गवत्या
गोरखचिंचेवर कुणीच बोललं नाही अजून. बाओबाब हो. ते तर पाण्याची टाकीच ना, पावसाळ्यात भरायची आणि उन्हाळाभर थोडं थोडं प्यायचं, म्हणून खोड एवढं जाड. हे तरी नक्की पाण्यामुळे.

पानगळ
गवत्या, आज तुमचा दिवस नाही. मादागास्करमध्ये बाओबाबच्या जातींवर मोजमाप झालंय. खोडात पाणी भरपूर असतं हे खरं पण रोजच्या तहानेला ते फारसं वापरत नाहीत, कोरड्यात पानं गाळून गप उभे राहतात. ते पाणी उपयोगी पडतं पावसाळ्याच्या आधी, नवी पालवी फुटते तेव्हा, म्हणजे पहिला पाऊस पडायच्या वेळी पानं तयार. शिवाय त्यांचं लाकूड इतकं हलकं आणि मऊ की पाण्याने फुगलेलं नसेल तर एवढा डोलारा उभा राहणं अवघड, पाणी हा आधार पण आहे.

गवत्या
म्हणजे टाकी आहे पण नळ वर्षातून एकदाच. ठीकाय.

उगाच_काहीतरी
सगळं आफ्रिकाच का? बाकीच्यांचे सॅव्हाना काय पाप करून आलेत?

निरभ्र
यावर मी थोडं लिहू शकतो. ब्राझीलचा सेर्रादो घ्या, सुमारे २० लाख चौरस किलोमीटर. पाऊस १३०० मिमीच्या पुढे सुद्धा, आणि तरी सॅव्हाना. झाडं वाकडीतिकडी, पिळल्यासारखी, साल बाटलीच्या बुचासारखी जाड, बोट रुतेल अशी. आगीत शेंड्याची कळी जळते, मग बाजूची कळी पुढे होते, पुढच्या आगीत ती जळते, तिसरी वेगळ्या दिशेला, प्रत्येक वळण म्हणजे एक गेलेला शेंडा. माती आम्लधर्मी, अल्युमिनियमने भरलेली, काही जाती तर पानातच अल्युमिनियम साठवतात. काटे मात्र फार कमी दिसतात. आफ्रिकेत झाड आधी तोंडांशी लढतं, इथे आधी आगीशी, असं मला बघून वाटलं. तिथल्या आगीला सरावलेल्या बऱ्याच जाती गेल्या ४० लाख वर्षांच्या आत, जंगलातल्या नातेवाइकांपासून फुटून तयार झाल्यात, म्हणजे गवत आणि आग वाढली त्याच काळात.

ऑस्ट्रेलियात डार्विनच्या आसपास जा, पाऊस साधारण १७०० मिमी, वणवे वर्षाआड, आणि झाडं कोण तर निलगिरी, उंच, सरळ, सहा-सात महिने कोरडे जाऊनही बरीचशी पानं न गाळणारी. त्यांची युक्ती अशी की नवे कोंब फुटायच्या पेशी सालीत वरवर न ठेवता खोल आत ठेवलेल्या. खोड काळंठिक्कर पडतं आणि मग अख्ख्या खोडावर हिरवे तुरे फुटतात. शिवाय आतून वाळवीने पोखरलेलं, पोकळ.

सोटमूळ
यावरून आठवलं, आकार बदलायची सगळ्यात टोकाची तऱ्हा राहिली की. झाडाने जमिनीच्या वर यायचंच नाही.

मस्करी नाही. अंगोला, झांबिया, दक्षिण आफ्रिकेचा वरचा भाग, इथे अशी झाडं आहेत ज्यांचं खोड, फांद्या सगळं जमिनीखाली पसरलेलं आणि वर फक्त वीतभर कोंब, पानं आणि फुलं. बघणाऱ्याला वाटतं की रोपट्यांचा ताटवा आहे, प्रत्यक्षात आपण एका झाडाच्या शेंड्यावर उभे असतो. फ्रँक व्हाइट यांनी १९७६ मध्ये याला आफ्रिकेची जमिनीखालची जंगलं म्हटलं. पॅरिनारी वंशात एक बहीण पूर्ण वाढलेलं झाड आणि दुसरी, पॅरिनारी केपेन्सिस, घोट्याएवढी. एका पांगाऱ्याच्या जातीला तिकडच्या शेतकऱ्यांनी नाव ठेवलंय त्याचा अर्थ नांगरमोड्या.

कोरडा_ओढा
थांबा थांबा. बाकी सगळं पचलं, हे का पण? आगीमुळेच?

सोटमूळ
इथे भांडण आहे. व्हाइट यांचं म्हणणं होतं की रेती अगदी निकस आणि पावसाळ्यात पाणी तुंबणारी, तिथे मोठं झाड टिकत नाही म्हणून. २०१४ मध्ये एका गटाने वंशावळी काढून दाखवलं की ही रूपं सॅव्हाना आणि आग पसरली तेव्हाच, वेगवेगळ्या कुळांत वेगवेगळ्या वेळी निघाली, तर कारण आग. त्यावर २०१६ मध्ये अंगोलात काम करणाऱ्यांनी उत्तर दिलं की बाबांनो, तिथल्या उंच पठारांवर कोरड्या हंगामात रात्री दहिवर गोठतं, कोंब हिमाने करपतात, हे तुम्ही धरलंच नाही. आग असो की हिम, वरचं जातं आणि जमिनीखालची कळी वाचते.

मला विचाराल तर एकच कारण शोधायचा हट्ट सोडावा. मोपाने झाड बघा ना, झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात खोल गाळाच्या मातीवर वीस मीटर उंच, देवळाच्या खांबांसारखं. तेच दुसरीकडे कमरेएवढं झुडूप. झुडूप का, तर कुठे माती उथळ आणि चिकण, कुठे हिम, कुठे आग, आणि कुठे हत्ती दरवर्षी येऊन छाटून जातात, म्हाताऱ्या माळ्यासारखे. आकार एक, कारणं चार. नुसता फोटो बघून सांगता येणार नाही, खाली वाकून खोड बघायला लागतं, काळं आहे का, तुटलंय का.

पानगळ
+१. क्रूगरमध्ये १९५४ पासून ठरावीक तुकडे दर वर्षी, दर दोन-तीन वर्षांनी जाळतात आणि काही अजिबात जाळत नाहीत. चार दशकांचा हिशोब मांडला तेव्हा झाडांच्या संख्येत फारसा फरक नव्हता. फरक होता तो उंचीत. जाळलेल्या तुकड्यात तेवढीच झाडं, पण गवतात दबा धरून बसलेली. म्हणून मी म्हणते, सॅव्हानात झाडं किती आहेत हे मोजू नका, कुठल्या उंचीवर अडकलीत ते मोजा.

निरभ्र
आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय त्याने हा खेळ बदलतोय म्हणे? कारू बाभळीचीच रोपं कमी-जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवली होती, जास्त मिळालं तशी मुळं भक्कम झाली.

पानगळ
हो, भक्कम मूळ म्हणजे आगीनंतर जोरात कोंब, म्हणजे सापळ्यातून लवकर सुटका. दक्षिण आफ्रिकेत बऱ्याच जागी गवताळ भागात झुडपं दाटत चालली आहेत, त्याला चराई, आग विझवणं ही कारणं आहेतच आणि हे एक. त्यावर वेगळा धागा काढा, इथे ओढ्याचं राहूनच जाईल.

कोरडा_ओढा
राहिलं नाही, मिळालं. सोटमूळकाकांचं वाचून परत तो काठीवाला फोटो मोठा करून बघितला. बुडाशी खोड काळं आहे, आणि बाजूला तीन जुने जळके खुंट, त्याच ठोंबातले. म्हणजे हा चौथा प्रयत्न असावा निदान. त्या ग्रुपवर जाऊन माझी कमेंट काढणार होतो, पण तिच्याखाली फोटो टाकणाऱ्याने आधीच एक ओळ लिहिलीय, दोन्ही झाडांच्या शेंगा बघितल्यात का म्हणून. नव्हत्या बघितल्या. सारख्याच आहेत.

उगाच_काहीतरी
माफी मागून आलास की नाही तेवढं सांग.

कोरडा_ओढा
मागतोय रे. टाइप करतोय.